दोन सिमच्या फोनसाठी अ‍ॅपची स्क्रीन कशी डिझाइन करायची: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

तुम्ही अ‍ॅप डिझाइन नुकतंच शिकायला लागलाय, कॉलचं किंवा मेसेजचं बटण असलेली एखादी स्क्रीन काढून झालीये, आणि हा कॉल नक्की कुठल्या सिमवरून जाणार हे त्या स्क्रीनवर कुठेच दिसत नाहीये, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आपल्याकडे दोन सिमचा फोन ही काही खास गोष्ट राहिली नाही, साधा बटणांचा फोन घ्यायला गेलात तरी दोन सिमचा मिळतो. एक नंबर जुना असतो, बँकेत आणि आधारला दिलेला, तो सोडवत नाही. दुसरा नेटसाठी घेतलेला, नाहीतर ऑफिसने दिलेला. कोकणात, घाटातल्या गावांत तर सरळ रेंजचा हिशोब असतो, गावी एका कंपनीची रेंज येते आणि शहरात दुसरीचं नेट बरं चालतं, म्हणून दोन्ही कार्डं ठेवायची.

पण तयार मिळणाऱ्या बऱ्याच डिझाइन किटमध्ये फोनला एकच सिम आहे असं धरलेलं असतं आणि नवीन माणूस तेच उचलतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, या सगळ्या लेखात मला पटवायचीये ती गोष्ट एकच आहे: कुठलं सिम वापरलं जाणार हे बटण दाबायच्या आधी, बटणाच्या शेजारीच दिसलं पाहिजे आणि तिथल्या तिथे बदलता आलं पाहिजे. बाकी सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

उदाहरण म्हणून एक अ‍ॅप धरू. किराणा दुकानदारासाठी उधारीची वही. गिऱ्हाईकाचं नाव, बाकी किती, आणि समोर दोन बटणं, कॉल करा आणि आठवण पाठवा. दुकानदाराकडे दोन नंबर आहेत, एक दुकानाच्या पाटीवर लिहिलेला, एक घरचा. आठवणीचा मेसेज घरच्या नंबरावरून गेला तर काय होतं बघा, गिऱ्हाईक अनोळखी नंबर बघून मेसेज उघडत नाही, किंवा उघडतो आणि मग रात्री साडेदहाला त्याच नंबरावर फोन करून हिशोब विचारतो, आणि फोन उचलते दुकानदाराची बायको. डिझाइनमधली एवढीशी गोष्ट राहून जाते आणि त्रास घरच्यांना होतो.

पायरी १: फोनच्या आत काय चालतं ते आधी समजून घ्या

डिझाइनरला हे कशाला असं वाटेल, पण हे कळल्याशिवाय पुढच्या स्क्रीन चुकणारच.

सिम ठेवायची जागा म्हणजे स्लॉट, आणि त्यात बसलेलं कार्ड म्हणजे कंपनीचं कनेक्शन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँड्रॉइडमध्ये या कनेक्शनला सबस्क्रिप्शन म्हणतात आणि प्रत्येकाला एक सबस्क्रिप्शन आयडी मिळतो. हा आयडी कार्डाबरोबर चालतो, जागेबरोबर नाही. दुकानदाराने दोन्ही कार्डं काढून अदलाबदल करून घातली तर स्लॉट बदलतो पण आयडी त्या त्या कार्डाचाच राहतो. त्यामुळे तुमच्या अ‍ॅपने "दुकानाचा नंबर म्हणजे स्लॉट १" असं लक्षात ठेवलं असेल तर अदलाबदलीनंतर सगळे मेसेज घरच्या नंबरावरून जायला लागतील, आणि आयडी लक्षात ठेवला असेल तर काहीच बिघडणार नाही. हे डेव्हलपरला सांगायचं काम तुमचंच आहे, कारण त्याला हा प्रसंग सुचेलच असं नाही. मात्र नवीन फोन घेतला की आयडी नव्याने मिळतात, त्यामुळे जुन्या फोनच्या बॅकअपमधून आलेली सिमची निवड तशीच चालवू नका, पहिल्यांदा उघडल्यावर एकदा परत विचारा.

अँड्रॉइडमध्ये हे सगळं अधिकृतपणे आलं ते ५.१ पासून, म्हणजे २०१५ मध्ये. त्याच्या आधी दोन सिमचे फोन विकले जात होतेच पण प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ते करायची. त्याचा परिणाम अजून दिसतो, वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये सिमच्या सेटिंग वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या नावाने असतात. म्हणून तुमच्या मदतीच्या मजकुरात "सेटिंगमध्ये जाऊन अमुक ठिकाणी दाबा" असं ठामपणे लिहू नका, निम्म्या लोकांना ते सापडणार नाही.

मग डीएसडीएस, म्हणजे ड्युअल सिम ड्युअल स्टँडबाय. फोनवर ही अक्षरं बघितली असतील, त्याचा अर्थ दोन्ही सिम तयारीत असतात पण बोलणं एका वेळी एकाच सिमवर होतं. एका सिमवर कॉल चालू असताना दुसऱ्यावर कोणी फोन केला तर सहसा त्याला "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" किंवा बंद असं ऐकू येतं. काही फोनमध्ये दुसऱ्या सिमच्या डेटावरून किंवा वायफायवरून ते कॉल येतात, पण सगळीकडे नाही. लोकांना हे माहीत नसतं, त्यांना वाटतं कार्डच खराब झालंय.

स्लॉटमध्येही प्रकार आहेत. बऱ्याच फोनमध्ये दुसरी जागा हायब्रिड असते, तिथे एकतर सिम बसतं नाहीतर मेमरी कार्ड. म्हणजे फोन दोन सिमचा असूनही सिम एकच घातलेलं, हे अगदी कॉमन आहे. आणि ई-सिम, ज्याला कार्डच नाही. आयफोनमध्ये २०१८ च्या मॉडेलपासून एक साधं आणि एक ई-सिम अशी जोडी आली आणि आयफोन १३ पासून दोन्ही ई-सिम एकाच वेळी चालू ठेवता येतात. आता अशा फोनवर "वरचं सिम, खालचं सिम" असलं काहीतरी दाखवलं तर त्याला काही अर्थच उरत नाही.

पायरी २: सिमचा संबंध कुठे कुठे येतो ते कागदावर लिहा

फिग्मा, म्हणजे स्क्रीन काढायचं सॉफ्टवेअर, उघडायच्या आधी हे करा. आपल्या उधारीच्या अ‍ॅपमध्ये सिम लागतं कॉलला, मेसेजला, आणि पहिल्यांदा लॉगिन करताना नंबर तपासायला. नेट कुठल्या सिमचं चाललंय याच्याशी अ‍ॅपला काही घेणंदेणं नाही, तर तो विषय स्क्रीनवर आणूच नका.

मग प्रत्येकासमोर लिहा की निवड आपल्या हातात आहे की सिस्टमच्या. हे फार महत्त्वाचं आहे कारण इथे नवीन लोक सुंदर स्क्रीन काढतात आणि नंतर डेव्हलपर म्हणतो हे होणार नाही. आयफोनवर सिम निवडायचं काम सिस्टम स्वतः करते, तुमच्या अ‍ॅपला तिथे हात घालता येत नाही, त्यामुळे आयफोनसाठी सिम निवडायची स्क्रीन काढायचीच नाही. अँड्रॉइडवर दोन रस्ते आहेत. एक, नंबर भरून फोनचा डायलर, म्हणजे नंबर लावायचं अ‍ॅप, उघडून द्यायचा, पुढे माणूस तिथे सिम निवडेल, याला परवानगी लागत नाही. दुसरा, परवानगी घेऊन अ‍ॅपमधूनच ठरावीक सिमवर कॉल लावायचा. मेसेजचं जरा अवघड आहे, गुगल प्लेने २०१८ च्या शेवटी एसएमएस आणि कॉल लॉगच्या परवानग्यांवर कडक नियम आणले, मेसेजिंगचं मुख्य अ‍ॅप नसाल तर सरसकट मेसेज पाठवायची परवानगी मिळत नाही, मोजके अपवाद आहेत. तेव्हा उधारीच्या अ‍ॅपने मेसेज लिहून तयार करायचा आणि फोनचं मेसेज अ‍ॅप उघडून द्यायचं हाच सरळ मार्ग.

मग आपण सिम दाखवायचंच नाही का? दाखवायचं, सांगतो. मेसेज अ‍ॅपकडे पाठवायच्या आधी बटणाखाली बारीक ओळ द्या, "दुकानाच्या नंबरावरून पाठवा, पुढच्या स्क्रीनवर सिम तपासा". एवढी ओळ वाचून माणूस तिथे थांबून बघतो.

पायरी ३: सिमला ओळख द्या

"सिम १" आणि "सिम २" हे फोनच्या दृष्टीने बरोबर आहे, माणसाच्या दृष्टीने नाही. तुमच्या घरी कोणाला विचारा तुमचं सिम १ कुठलं, बहुतेक जण फोन हातात घेऊन शोधायला लागतील. पण "जिओचं कार्ड", "बँकेचा नंबर", "ऑफिसचा नंबर" असं विचारलं की लगेच उत्तर येतं.

मग कंपनीचं नाव दाखवावं का? दाखवा, पण त्याच्यावर अवलंबून राहू नका. एक तर दोन्ही सिम एकाच कंपनीचे असू शकतात, नवरा-बायकोचे नंबर एकाच फोनमध्ये असतात, किंवा स्वस्त प्लॅन मिळतो म्हणून दोन्ही एकाचेच घेतलेले असतात. दुसरं म्हणजे २०११ च्या जानेवारीपासून आपल्याकडे देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्यामुळे आज जे नाव दिसतंय ते महिन्याभरात बदलू शकतं. आणि कंपन्या स्वतःच बदलतात, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या आणि २०२० मध्ये नाव व्ही आय झालं, पण आजही लोक त्या कार्डाला आयडियाचं कार्डच म्हणतात.

म्हणून ओळख तीन गोष्टींची मिळून बनवा.

पहिली, नाव. फोनच्या सेटिंगमध्ये माणसाने सिमला स्वतः नाव दिलेलं असेल, "दुकान", "घर", तर तेच वापरा. अँड्रॉइड ते नाव अ‍ॅपला देतं, डेव्हलपरला सांगा डिस्प्ले नेम घे. नाव दिलेलं नसेल तर तिथे कंपनीचं नाव येतं, तेव्हा अ‍ॅपमध्येच एकदा विचारून घ्यायला हरकत नाही, "हा नंबर कशासाठी वापरता?" आणि खाली तीन-चार तयार पर्याय. टाइप करायला लावू नका.

दुसरी, नंबरचे शेवटचे चार आकडे. लोक आपला नंबर शेवटच्या आकड्यांवरून ओळखतात. पण सावध, बऱ्याच सिमवर नंबर साठवलेलाच नसतो, अ‍ॅपने मागितला तर रिकामा येतो. म्हणजे आकडे असले तर दाखवा आणि नसले तर ती जागा मोकळी पडून विचित्र दिसणार नाही असं डिझाइन करा. दोन्ही स्थितीचं चित्र काढा, एकाचं आहे आणि एकाचं नाही असंही होतं.

तिसरी, रंग आणि चिन्ह. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक सिमला रंग असतो आणि अ‍ॅपला तो मिळतो, तोच वापरा, आपला वेगळा रंग लावला तर डायलरमध्ये निळं आणि तुमच्याकडे केशरी असा घोळ होईल. पण नुसत्या रंगावर फरक कधीही सोडू नका. लाल-हिरवा न ओळखणारे लोक असतात, उन्हात स्क्रीन धुरकट दिसते, आणि फोन जुना झाला की स्क्रीनचे रंगही उतरतात. सिमच्या आकाराचं छोटं चिन्ह आणि त्यात आकडा, त्याला रंग, शेजारी नाव, असं सगळं मिळून. चिन्हाचा मागच्या रंगाशी उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) निदान ३:१ आणि अक्षरांचा ४.५:१ ठेवा, हे दोन्ही आकडे वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या नियमांतले आहेत. माणसाने निवडलेला रंग डार्क मोडमध्ये दिसेनासा होत असेल तर त्याची थोडी उजळ छटा घ्या.

आकडा १ लिहायचा की इंग्रजीतला? फोनवर भाषा मराठी असेल तर सिस्टम जो दाखवते तोच. सिमच्या ट्रेवर छापलेला आकडा इंग्रजीतला असतो, पण लोकांना दोन्ही वाचता येतात, एकाच स्क्रीनवर दोन्ही मिसळू नका एवढंच. आणि स्क्रीन रीडरसाठी चिन्हाला शब्द द्या, "दुकान, सिम एक, निवडलेलं आहे" असं पूर्ण वाचलं गेलं पाहिजे, नाहीतर न बघता फोन वापरणाऱ्याला दोन्ही बटणं सारखीच ऐकू येतात.

पायरी ४: निवडायची जागा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

फोनच्या सेटिंगमध्ये कॉल आणि मेसेजसाठी ठरलेलं सिम ठेवता येतं, किंवा "दर वेळी विचारा". माणसाने तिथे काहीतरी ठरवलंय तर त्याचा मान ठेवा, अ‍ॅप उघडल्यावर तेच सिम आधी निवडलेलं दिसू द्या. "दर वेळी विचारा" असेल तर अ‍ॅपला ठरलेलं सिम म्हणून काहीच मिळत नाही, अवैध आयडी येतो, आणि ही स्थिती डिझाइनमध्ये नसली तर डेव्हलपर आपल्या मनाने पहिलं सिम धरून मोकळा होतो. ती स्थिती काढा.

आता चित्र. दोन पद्धती आहेत. काही कंपन्यांच्या डायलरमध्ये खाली दोन हिरवी बटणं असतात, एकावर १ एकावर २. दुसऱ्या पद्धतीत बटण एक आणि ते दाबलं की खालून एक पट्टी वर येते, "कुठल्या सिमवरून?". माझं मत स्पष्ट आहे, कॉलसाठी दोन बटणं चांगली. एकाच दाबण्यात काम होतं, निवड आणि कॉल एकत्र, आणि ज्यांना फार वाचता येत नाही त्यांनाही जमतं कारण डावं आणि उजवं लक्षात राहतं. फक्त डावं-उजवं कधीही बदलू नका, रेंज जास्त म्हणून हे पुढे आणलं, काल हे वापरलं म्हणून ते पुढे आणलं, असला हुशारपणा इथे करायचा नाही, हाताला सवय झालेली असते.

तुम्ही मेसेजचंच अ‍ॅप बनवत असाल तर मेसेजसाठी मात्र दोन बटणं नकोत. तिथे माणूस लिहीत असतो, कीबोर्ड उघडा असतो, जागा कमी असते. तिथे पाठवायच्या बाणालाच सिमचं छोटं चिन्ह चिकटवा आणि लिहायच्या चौकटीत डावीकडे सिमचं नाव असलेली गोळी, म्हणजे गोलाकार कडांचं छोटं बटण, ठेवा, तिच्यावर दाबलं की दुसरं सिम. लांब दाबून ठेवलं तर सिम बदलतं असंही काही अ‍ॅपमध्ये असतं, ते ठेवायचं तर ठेवा पण एकमेव मार्ग म्हणून नको, कारण ते कोणाला दिसतच नाही, कोणी सांगितलं तरच कळतं.

दाबायची जागा ४८ डीपीपेक्षा (डीपी म्हणजे अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) लहान नको. सिमची गोळी आणि पाठवायचं बटण यांच्यात मोकळी जागा ठेवा. सिम बदलायला गेलं आणि मेसेज निघून गेला, तर तो परत आणता येत नाही.

खालून येणाऱ्या पट्टीत अनेक ठिकाणी "हेच लक्षात ठेवा" अशी टिक असते. ती आधीपासून लावलेली नसू द्या. आणि लावल्यावर ती निवड बदलायची कुठे हे त्याच गिऱ्हाईकाच्या पानावर दिसू द्या, "या नंबराला नेहमी दुकानाच्या सिमवरून, बदला". नाहीतर घाईत एकदा टिक लागते, नंतर फोन विचारतच नाही, आणि माणूस शेवटी एखाद्या भाच्याला फोन देतो की बघ रे हे काय झालंय.

पायरी ५: येणारा कॉल आणि जुनी यादी

तुम्ही डायलर बनवत असाल तर येणाऱ्या कॉलच्या स्क्रीनवर कुठल्या सिमवर वाजतोय ते नावाच्या खालोखाल मोठं दाखवा. दुकानदार रात्री दुकानाच्या नंबरावरचा फोन उचलणार नाही आणि घरच्यावरचा उचलेल, त्याला ते रिंग चालू असतानाच ठरवायचं असतं, तेही फोन हाताभर लांब असताना. बारीक करड्या अक्षरात कोपऱ्यात लिहिलं तर त्याचा उपयोग शून्य.

यादीत प्रत्येक ओळीला सिमचं चिन्ह. मिस्ड कॉलला उलट फोन करताना ज्या सिमवर आला त्याच सिमवरून जावा हे बहुतेक वेळा बरोबर असतं, समोरच्याला तोच नंबर माहीत असतो. मेसेजच्या उत्तराचंही तसंच. पण इथे आणि सेटिंगमधल्या ठरलेल्या सिममध्ये भांडण होतं, सेटिंग म्हणते घर, मिस्ड कॉल आलाय दुकानावर. उत्तर देताना आलेल्याच सिमला मान, नवीन कॉलला सेटिंगमधल्या सिमला, असा नियम करा आणि सगळ्या अ‍ॅपमध्ये तोच चालवा.

एकाच माणसाशी दोन्ही सिमवरून मेसेज झाले असतील तर संभाषण तोडू नका, एकाच धाग्यात ठेवा आणि जिथे सिम बदललं तिथे मध्ये बारीक ओळ द्या, "इथून पुढे घरच्या सिमवरून".

पायरी ६: नंबर तपासणी, म्हणजे बँक आणि यूपीआय

आपल्याकडे लोकांना दोन सिमचा सगळ्यात जास्त त्रास इथे होतो. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि त्याच्या नोंदणीत फोनवरूनच एक एसएमएस जातो, बँकेत दिलेला नंबर याच फोनमध्ये आहे हे त्यावरून ठरतं. चुकीच्या सिमवरून तो गेला तर नोंदणी होत नाही. अशी स्क्रीन आपण बघू. वर लिहिलेलं असतं "सिम निवडा", खाली दोन चौकोन, सिम १ आणि सिम २, कंपनीचं नाव, आणि खाली पुढे जा. निवृत्त मास्तर असोत की भाजीवाल्या मावशी, त्यांना इथे एकच कळायला हवं, बँकेत दिलेला नंबर कुठला. आणि नेमकं तेच स्क्रीनवर नाही.

ही स्क्रीन अशी करा. मथळा, "बँकेत दिलेला नंबर कुठल्या सिमवर आहे?" खाली प्रत्येक सिमचं नाव, कंपनी आणि मिळाले तर शेवटचे चार आकडे. त्याखाली एक ओळ, "या सिमवरून एक एसएमएस आपोआप जाईल, त्याचे पैसे लागू शकतात, बॅलन्स असू द्या." कारण ते खरंच अडतं, जुन्या बँकेच्या सिमवर पुष्कळदा कमीत कमी रिचार्ज असतं किंवा संपलेलं असतं, येणारे मेसेज अजून येत असतात म्हणून माणसाला वाटतं सिम चालू आहे, आणि जाणारा एसएमएस मात्र जात नाही.

दोन्हीपैकी कुठलंही सिम आधीपासून निवडून ठेवू नका. इथे ठरलेलं सिम धरून चाललं तर लोक न वाचता पुढे जातात. आणि चुकलं तर "काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा" असं लिहून त्याच सिमवर परत पाठवू नका, लिहा "दुकान या सिमवरचा नंबर बँकेत नोंदलेला नाही असं दिसतं. घरच्या सिमवरून करून बघा?" आणि बटण तिथेच. पैशाची भीती असते, तीन वेळा चुकलं की लोकांना वाटतं खातं बंद पडेल.

दुसरं सिम दुसऱ्या फोनमध्ये असण्याची शक्यताही धरा. "तो नंबर या फोनमध्ये नाही" असा तिसरा पर्याय द्या आणि पुढे काय करायचं ते साध्या भाषेत सांगा.

पायरी ७: परवानगी

सिमची यादी वाचायला अँड्रॉइडवर फोनची परवानगी लागते आणि सिस्टमच्या चौकटीत येतं की हे अ‍ॅप कॉल करू आणि हाताळू इच्छितं. ते वाचून लोक घाबरतात आणि बरोबर घाबरतात. म्हणून ती चौकट यायच्या आधी आपली एक छोटी स्क्रीन, "तुमच्या फोनमध्ये कुठले दोन सिम आहेत ते दाखवण्यासाठी ही परवानगी हवी". अ‍ॅप उघडल्या उघडल्या मागू नका, पहिल्यांदा कॉलचं बटण दाबलं तेव्हा मागा. नाही म्हटलं तर अ‍ॅप अडलं नाही पाहिजे, सरळ फोनचा डायलर उघडून द्या, तिथे सिम निवडता येतंच.

पायरी ८: सगळ्या स्थितींची स्क्रीन काढा

फिग्मामध्ये वेगळं पान करा आणि हे सगळं काढा: सिमच नाही, एकच सिम, दोन, दोन्ही एकाच कंपनीचे, एक सेटिंगमधून बंद केलेलं, एकाला रेंज नाही, एकाला सिम लॉकचा पिन क्रमांक लागतोय, फ्लाइट मोड, एक ई-सिम. डेव्हलपरलाही सांगा, सिम नसलं की काही फोनमध्ये रिकामी यादी येते आणि काहींत यादीच येत नाही.

एकच सिम असेल तर सिमचं चिन्ह, गोळी, प्रश्न, काही म्हणजे काही दाखवू नका. एक सिमवाल्याला "सिम निवडा" आणि खाली एकच पर्याय दिसला तर तो गोंधळतो. दुसरं सिम घातल्यावर अ‍ॅपला ते लगेच कळतं, अँड्रॉइड तशी सूचना देतं, तेव्हा अ‍ॅप बंद करून उघडायची गरज नाही, चिन्हं तेव्हापासून दिसू द्या.

रेंज नसलेलं सिम यादीतून गायब करू नका. करडं करून त्याच जागी ठेवा आणि खाली "रेंज नाही". गायब झालं की माणसाला वाटतं कार्ड हललं, आणि तो पिन शोधून ट्रे उघडायला लागतो. तसंच एका सिमवर बोलणं चालू असताना दुसऱ्यावरून कॉल लावायला गेला तर "घरच्या सिमवर कॉल चालू आहे, तो संपल्यावर लावता येईल" असं लिहा.

मेसेज गेला नाही तर सिमचं नाव घालून सांगा. रिचार्ज संपलंय का हे अ‍ॅपला कळत नाही, त्यामुळे "बॅलन्स नाही" असं ठोकून सांगू नका. "दुकानाच्या सिमवरून मेसेज गेला नाही. रेंज आणि रिचार्ज तपासा, किंवा घरच्या सिमवरून पाठवा." दुसऱ्या सिमवरून आपोआप पाठवून मात्र द्यायचं नाही, कधीच नाही. काही लोक दोन नंबर मुद्दाम वेगळे ठेवतात, घरचा नंबर अनोळखी माणसाकडे जाऊ नये म्हणून, बायका तर खास करून. तुमच्या सोयीसाठी तो नंबर बाहेर पडला तर त्याची भरपाई तुम्हाला करता येणार नाही.

पायरी ९: खऱ्या फोनवर तपासणी

लॅपटॉपवरच्या नमुन्यावर हे तपासून होत नाही. निदान दोन वेगळ्या कंपन्यांचे स्वस्तातले फोन घ्या, त्यात चालू सिम घाला. अ‍ॅपची भाषा मराठी करा आणि फोनमधली अक्षरं मोठी करा, "दुकानाच्या सिमवरून पाठवा" हे बटणात मावतंय का, काना-मात्रा वरून कापल्या जातात का ते बघा. आपल्या लिपीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते आणि गोळीची उंची इंग्रजी अक्षरांवरून ठरवलेली असते, वेलांट्या तिथेच कापल्या जातात.

मग घरातल्या, शेजारच्या लोकांना द्या. "मेसेज पाठवा" एवढंच सांगू नका, सांगा "दुकानाच्या नंबरावरून मेसेज पाठवा" आणि गप्प बसा. बोट कुठे जातं, पाठवायच्या आधी नजर सिमच्या चिन्हावर जाते का, हे बघा. पाठवून झाल्यावर फोन उलटा ठेवून विचारा कुठल्या नंबरावरून गेला. उत्तर द्यायला फोन परत सरळ करावा लागला तर चिन्ह मोठं करायची वेळ आलीये.

शेवटी कार्डं अदलाबदल करा. अ‍ॅप बंद, फोन बंद, दोन्ही कार्डं उलटीपालटी घाला, चालू करा, आणि आधी ज्या गिऱ्हाईकाला "नेहमी दुकानाच्या सिमवरून" असं लावलं होतं त्याला अ‍ॅपमधून कॉल लावा. समोरच्या फोनवर दुकानाचा नंबर दिसला तर डेव्हलपरने आयडी धरलाय. घरचा दिसला तर त्याने स्लॉट धरलाय, पायरी १ त्याला परत वाचायला द्या.